गुणाजीचे बेडूक

गुणाजीनं कंदिलाची वात खाली केली, वाकून पेटीच्या काचेला गाल लावला आणि तसाच थांबला. ऊब आता कमी वाटत होती. त्यानं वात पुन्हा जराशी वर घेतली, कंदील पेटीकडे सरकवला आणि गाल परत काचेला टेकवला.

दारात केसर रिकामी पाटी घेऊन उभी होती. मुरुडच्या बाजारातून ती आत्ताच येत होती. तिच्या पदराला सुक्या बोंबलांचा वास होता.

“दार लाव,” तो मागं न बघता बोलला. “वारा शिरतोय.”

तिनं दार लोटलं. घरात कंदील एकच होता आणि तो पेटीपाशी होता. रात्री बेडकाला उजेड नको, नुसती ऊब हवी, म्हणून गुणाजीनं कंदील आणि काच यांच्यामध्ये एक पत्रा उभा केला होता आणि बाकीच्या बाजूंना गोणपाट टाकलं होतं. दिवा जळत असूनही घर काळोखात होतं. केसरनं चाचपडत चूल गाठली, फुंकून निखारे जागे केले आणि भात टाकला.

चुलीच्या उजेडात पेटी थोडी दिसू लागली. पत्र्याची चौकट, चारही बाजूंनी काच, वर बारीक जाळी. आत काथ्याचा थर, पाण्यानं भरलेली करवंटी आणि तिरपी ठेवलेली फणसाची फांदी. फांदीवर बेडूक बसला होता, मुठीएवढा, केळीच्या कोंबासारखा हिरवा. पायांची बोटं टोकाला गोल होती आणि त्या गोल टोकांनी त्यानं फांदी घट्ट धरली होती. मुंबईहून आले तेव्हा तीन होते. आता हा एकच उरला होता.

“खाल्लं का त्यानं?” तिनं विचारलं.

“न्हाय. दोन नाकतोडे सोडले. समोर बसलेत, तरी बघत न्हाय.”

फांदी एका बाजूला कलंडली होती. केसर उठली, जाळी उचलून तिनं आत हात घातला.

“हात लावू नको!” गुणाजी ओरडला. मग आवाज उतरवून म्हणाला, “तुजे हात खारे हायेत. मीठ लागलं तर त्याची कातडी जळते.”

केसरनं हात मागं घेतला. चुलीपाशी बसून तिनं दोन्ही तळवे उजेडात धरले. बोटांच्या भेगांत मीठ होतं, ते खरंच होतं. मासळी खारवणाऱ्या बाईच्या हातांना दुसरं काय असणार? पण कार्तिकात याच हातांनी तिनं गोदूला धरलं होतं, आणि तेव्हा तिला कुणी असं बोललं नव्हतं.

गोदूचं नाव त्या घरात आता कुणी घेत नव्हतं.

गोदू ही त्यांची एकुलती एक पोर, सात वर्षांची. पावसाळ्यात त्यांच्या घरात एक झाडबेडूक यायचा, मातकट रंगाचा, आणि पाण्याच्या हंड्यामागं भिंतीला चिकटून बसायचा. गोदू त्याला पावना म्हणायची. पाऊस सरला की पावना नाहीसा व्हायचा आणि गोदू हंडा हलवून हलवून बघायची. गुणाजी बोटीवर खलाशी होता. मागच्या खेपेला निघताना पोरगी अशीच हंड्यामागं डोकावत होती, तेव्हा तो तिला म्हणाला होता, “मी तुला असा आनीन जो कदी जायाचाच न्हाय.”

पोरांना असं काहीबाही सांगतात आणि विसरतात. गुणाजी विसरला नाही. ब्रिस्बेनच्या धक्क्यावर, पाण्याच्या टाकीमागं त्याला हे हिरवे बेडूक सापडले. बोटीवरच्या धाकट्या इंजिनेरसाहेबानं असेच दोन आपल्या खोलीत पाळले होते. खलाशांशी बोलायच्या हिंदुस्थानीत त्यानं गुणाजीला सगळं शिकवलं. दिन में उजाला, रात में अंधेरा. पानी मीठा, नमक बिलकुल नहीं. थंडी से बचाओ, पर सूखा मत रखो. खायला जिवंत किडा, मेलेला ते तोंडात घेत नाहीत. गुणाजीनं ते मंत्रासारखं पाठ केलं. बोट थंड पाण्यातून चालली की तो बेडकांचं खोकं गरम नळाशेजारी बांधून ठेवायचा आणि त्यावर गोणपाटाचा ओला गोणता टाकायचा. भट्टीत कोळसा टाकणारे आगवाले त्याला हसायचे.

बोट मुंबईला लागली. त्याच बोटीवर आगरदांड्याचा येसाजी होता. तो दुसऱ्याच दिवशीच्या आगबोटीनं घराकडे निघाला. गुणाजी मागं राहिला. लाकडी खोक्यातून बेडूक नीट दिसत नव्हते, आणि पोरीला ते चारी बाजूंनी दिसावेत असं त्याला वाटत होतं. त्यानं काचवाल्याला पेटी करायला सांगितली. काचवाला आज म्हणाला, उद्या म्हणाला, मग परवा म्हणाला.

येसाजी वाटेत मुरुडला उतरून केसरच्या दारात आला होता. “गुनाजी मागनं येतोय. पोरीसाठी कायतरी बनवतोय,” असं हसत म्हणाला, आणि आत बघितल्यावर त्याचा आवाज बसला. गोदू वाकळीवर पडली होती. मुदतीचा ताप होता. केसरनं मुंबईला जाणाऱ्या एकाबरोबर निरोप धाडला, पण त्याला गुणाजी खलाशांच्या खोलीवर सापडला नाही. तो बहुतेक काचवाल्याच्या दुकानात बसून असावा.

रोज दुपारी आगबोट मुरुडसमोर भोंगा द्यायची. गोदू वाकळीवरून मान उचलायची.

“बाबा आला?”

“उंद्या,” केसर म्हणायची.

पोर पुन्हा पडायची. येसाजी येऊन गेल्याच्या तिसऱ्या दिवशी भोंगा वाजून गेला, आगबोटीवरची माणसं पडावातून किनाऱ्याला उतरून घरोघर गेली आणि गोदू बराच वेळ दाराकडे बघत राहिली. शेजारची आवडाबाई उशाशी बसून वारा घालत होती. मग गोदू आईकडे वळली आणि अगदी स्वच्छ, बरी असताना बोलायची तशी बोलली, “बाबाला सांग, मी रुसले न्हाय.”

आवडाबाईच्या हातातला पंखा थांबला. त्यानंतर गोदू काही बोलली नाही.

तिला केवड्याच्या बनापलीकडे पुरलं आणि त्यानंतर गुणाजी आला. पडावातून उतरला तेव्हा त्याच्या खांद्यावर घोंगडीत गुंडाळलेली पेटी होती. किनाऱ्यावरची माणसं त्याला बघून बाजूला झाली. त्याला वाटलं, ओझ्याला वाट देतायत. “गोदे!” अशी हाक मारतच तो दारात आला. सांगितलं ते आवडाबाईनं. त्यानं पेटी हळूच जमिनीवर ठेवली. घोंगडी सोडली. करवंटीतलं पाणी वाटेत सांडलं होतं. त्यानं हंड्यातून पाणी घेतलं, चाखून बघितलं, मचूळ लागलं म्हणून ओतून दिलं, आणि कळशी उचलून गोड पाणी आणायला वरच्या वाडीतल्या विहिरीकडे चालू लागला.

तो रडला नाही. पोर कशी गेली, काय बोलली, हे त्यानं विचारलं नाही.

केसर वाट बघत राहिली. पोरीचा निरोप तिच्यापाशी होता आणि तो एकट्या त्याचाच होता. त्यानं विचारलं की सांगायचा, असं तिनं ठरवलं होतं. काही दिवशी तिला वाटायचं, हे शब्द ऐकून तो मोकळा होईल. काही दिवशी, विशेषतः तो पेटीपुढं उकिडवा बसून बेडकाशी पुटपुटत असला म्हणजे, तिला वाटायचं की हेच शब्द त्याच्या छातीत सुरीसारखे खुपसावेत. शब्द तेच होते. ते कुठल्या हातानं देऊ, हे तिचं तिला कळत नव्हतं.

पहिला बेडूक आल्यावर थोड्याच दिवसांत गेला. त्यानं काही खाल्लंच नव्हतं. दुसरा पौषातल्या एका पहाटे गेला. त्या दिवसांत उत्तरेचा वारा सुटला होता, वाळूही पायाला गार लागत होती. करवंटीत पाय पसरून पडलेल्या त्या बेडकाला गुणाजीनं तळहातावर घेतलं. “गार पडला,” तो म्हणाला. “थंडीनं गेला.” त्या दिवसापासून त्याला थंडीशिवाय दुसरं काही सुचेना. स्वतःच्या अंगावरची घोंगडी त्यानं पेटीला गुंडाळली. रात्री कंदील होताच, आता दिवसासुद्धा करवंट्यांच्या निखाऱ्यांची शेगडी पेटीखाली राहू लागली. दुपार झाली की तो फडकं घेऊन गवतात नाकतोडे धरायला जायचा. कोळीवाड्यातली पोरं आधी त्याच्या मागून हसत जायची. पुढं त्यांच्या आयांनी त्यांना घरात बोलावून घ्यायला सुरुवात केली.

एकदा येसाजी आला. ते एकतीस साल होतं, बोटींवरची कामं कमी होत चालली होती.

“परवा निघतोय,” येसाजी म्हणाला. “चल माज्यासंगं. जुन्या मानसांना अजून घेतायत. फुडं कोन इचारनार न्हाय.”

“याला कोन बघंल?” गुणाजी म्हणाला.

येसाजीनं पेटीकडे बघितलं, मग केसरकडे. तिनं नजर खाली घातली. तो चहा न घेताच उठला.

माघातल्या एका दिवशी मासळी आलीच नाही, म्हणून केसर बाजाराला गेली नाही. गुणाजी कळशी घेऊन वरच्या विहिरीवर गेला होता. पेटीखाली शेगडी होती. केसर तांदूळ निवडत बसली होती आणि तिचं लक्ष उगाच पेटीकडे गेलं.

बेडूक फांदीवर नव्हता. तो काचेच्या कोपऱ्यात खाली बसला होता. तिनं जवळ जाऊन बघितलं. त्याचा हिरवा रंग उडून मातीचा झाला होता. एरवी तुकतुकीत दिसणारी कातडी सुरकुतून हाडांना चिकटली होती. डोळे आत गेले होते. काथ्या वाळून करकरीत झाला होता, करवंटीच्या तळाला पाण्याचा नुसता डाग होता. गळ्याखालची कातडी तेवढी भराभरा हलत होती.

केसरला कुणी सांगायची गरज नव्हती. आत गेलेले डोळे, वाळलेलं तोंड, ती धाप, सगळं तिनं तीन आठवडे मांडीवर घेऊन बघितलं होतं.

तिनं शेगडी ओढून बाहेर अंगणात नेली. घोंगडी काढून फेकली. विहिरीच्या गोड पाण्याचा तांब्या गुणाजी बेडकासाठी वेगळा ठेवायचा, तो घेऊन तिनं ओटीवर बसून हात धुतले. राख लावून धुतले, नखांनी भेगा उकरून धुतले, पुन्हा धुतले. मग जुन्या लुगड्याची चिंधी भिजवून पिळली, बेडकाला उचलून तिच्यावर ठेवलं आणि बोटानं त्याच्या पाठीवर पाणी सोडू लागली. तो तिच्या हातात हलला नाही. काही वजनच नव्हतं त्याला.

गुणाजी दारात आला. अंगणातली शेगडी त्यानं आधी बघितली होती.

“काय केलंस? गारठंल तो!” कळशी आपटून तो पुढं आला. “सोड त्याला! तुजे हात...”

“धुतलेत,” केसर म्हणाली. तिनं मान वर केली नाही. “गारठला न्हाय तो. सुकलाय. बघा, तोंड बघा त्याचं. हे तापानं व्हतं.”

तो वाकला. मग तिथंच जमिनीवर बसला.

“साहेब बोलला व्हता,” तो हळूच म्हणाला. “सुका ठेवू नको बोलला व्हता. बोटीवर गोनता भिजवून टाकायचो मी. हितं थंडीच्या भ्यानं इसरलो.”

केसर पाणी सोडत राहिली. चिंधी कोमट झाली की पुन्हा भिजवायची, पिळायची. तिचे हात हे काम आपोआप करत होते. गुणाजी त्या हातांकडे बघत होता.

“गोदूला असंच केलं व्हतंस?”

कार्तिकापासून ते नाव पहिल्यांदाच त्याच्या तोंडून आलं.

“व्हय.”

“लय ताप व्हता?”

“लय.”

बाहेर कोंबडी शेगडीजवळची माती उकरत होती. गुणाजीचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते. तो पुढं काय विचारणार हे केसरला कळलं.

“माजी वाट बघत व्हती का गो ती?”

शब्द तिच्या ओठांवर आले. किती दिवस ती ते घेऊन फिरत होती. आता त्यानं मागितले होते, द्यायला काही हरकत नव्हती. तिनं त्याच्याकडे बघितलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, ओठांवर सालं. एवढ्या दिवसांत तिनं त्याच्याकडे नीट बघितलंच नव्हतं.

“न्हाय,” ती म्हणाली.

तो गुडघ्यांवर पुढं सरकला.

“तिला सुदच नव्हती. येसाजी आला त्याच्या आदीपासनंच नव्हती. तुमी त्याच्यासंगं आला असता, तरी तिनं वळकलं नसतं.”

“येक डावबी नाव न्हाय घेतलं?”

“कुनाचंच न्हाय. माजंबी न्हाय.”

गुणाजीचे खांदे हलू लागले. कपाळ जमिनीला टेकवून तो रडला, आणि मधूनमधून एकच म्हणत राहिला, “म्हंजे आलो असतो तरी... आलो असतो तरी...”

“तरी तसंच,” केसर म्हणाली. बेडकाची चिंधी तिनं पुन्हा भिजवली.

त्या दिवशी संध्याकाळी तो ताटावर बसला आणि ताटातलं सगळं जेवला. आपली घोंगडी अंगावर घेऊन झोपला. केसर बेडकापाशी बसून राहिली. त्याचा गळा हळूहळू हलायचा थांबला तेव्हा तिनं चिंधी त्याच्यावरून दुमडली आणि नवऱ्याला उठवलं नाही.

सकाळी गुणाजीनं चिंधी उघडून बघितली. पेटी अंगणात नेऊन काथ्या झाडाखाली रिकामा केला, फांदी काढून टाकली आणि काचा धुऊन पेटी भिंतीला उलटी लावून ठेवली. बेडूक माडाच्या आळ्यात पुरला. हात धुऊन आला आणि केसरसमोर उभा राहिला.

“मला जागा दाखव.”

दोघं किनाऱ्यानं निघाले. ऊन कोवळं होतं. बांबूच्या मांडवावर आवडाबाई बोंबील अडकवत होती. खाली वाळूवर ओल्या बोंबलांची पाटी होती. गुणाजीला घराबाहेर असा मोकळ्या हातांनी बघून ती थबकली. तो आपण होऊन तिच्यापाशी थांबला.

“आवडाबाय,” तो म्हणाला, “केसरनं सांगितलं मला. पोरीला सुद नव्हती म्हनं. काय कळलंच न्हाय तिला. तू व्हतीस ना तितं?”

आवडाबाईच्या हातात एक बोंबील तसाच राहिला. तिनं केसरकडे बघितलं. केसर त्या दोघांकडे बघत नव्हती, पायाच्या अंगठ्यानं वाळूतला शिंपला पालथा करत होती.

“व्हते तर,” आवडाबाई म्हणाली. “मीच वारा घालत व्हते.”

“मंग?”

लाट आली आणि मागं गेली.

“न्हाय रं बाबा,” आवडाबाई म्हणाली. “काय कळलं न्हाय तिला. सुखानं गेली.”

गुणाजीनं मान हलवली. त्याचा चेहरा सैल पडला होता, मोठ्या दुखण्यातून उठलेल्या माणसाचा असतो तसा. तो पुढं चालू लागला.

केसर निघाली तेव्हा आवडाबाईनं मागून हाक मारली. केसर थांबली. वळली नाही. आवडाबाई वाकली आणि पाटीतून दुसरा बोंबील उचलला.

“उंद्या बाजाराला येतेस ना?” तिनं विचारलं.

“येते,” केसर म्हणाली.

केवड्याच्या बनाशी वाट दोन बाजूंना फुटत होती. गुणाजी तिथं तिच्यासाठी थांबला होता. कुठल्या वाटेनं जायचं, ते त्याला ठाऊक नव्हतं.